स्क्रू मोजू नका, छप्पर भिंतीला बांधा : वादळानंतर घरं उभी करायला जाणाऱ्या पोरांसाठी

मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली, की कॉलेजातली नवी पोरं विचारायला लागतात. वादळ आलंच तर आम्हीही येऊ का, येताना काय आणू? या, जरूर या. पण एनएसएसचे वर्षाचे 120 तास भरायचे म्हणून येणार असाल, तर रक्तदान शिबिर बरं. तिथे निदान तुमच्यामुळे कुणाच्या डोक्यावर पत्रा पडत नाही.

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं, तेव्हा मी सिव्हिल डिप्लोमाला होतो. ताशी 100 ते 110 किलोमीटरचा वारा, मधूनच 120 चे झोत. कोविडमुळे कॉलेज बंद होतं, म्हणून रायगडातली आमच्यासारखी पोरं घरीच होती. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झालेल्या आणि कित्येक गावांत वीज नि मोबाइलची रेंज आठवडेच्या आठवडे नाही, त्यामुळे ऑनलाइन लेक्चरचा प्रश्न आपोआप मिटला. चाकरमानी मुंबईत अडकलेले. गावात म्हातारी माणसं, उघडी घरं, आणि पाऊस अगदी तोंडावर.

सुरुवातीचं काम तुम्हाला माहीत असेलच. वाट मोकळी करणं, ताडपत्री ओढणं, धान्य कोरड्यात हलवणं. त्यावर फार लिहीत नाही. एवढंच सांगतो, की पंचनामा व्हायच्या आधी पडलेलं छप्पर उचलून अंगण झाडून ठेवू नका. तलाठी येईल तेव्हा त्याला नुकसान दिसलं पाहिजे. पावसामुळे थांबणं शक्यच नसेल, तर चारही बाजूंनी फोटो काढा, त्यात घरमालक उभा करा, घरपट्टीची पावती कुणाच्या नावावर आहे ते विचारून घ्या. कोकणात घर पाच भावांचं आणि पावती वारलेल्या आजोबांच्या नावावर, हे घरोघरी.

आता ज्यात आम्ही फसलो ते. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

जुन्या कोकणी घराचं छप्पर म्हणजे माथ्यावरचं आडवं लाकूड ते आढं, त्यावरून भिंतीकडे उतरणारे वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि वर मंगळुरी कौलं. जांभ्या दगडाच्या भिंतीला हे छप्पर बहुतेक ठिकाणी धड बांधलेलं नसतं, भिंतीवर नुसतं टेकलेलं असतं. तरी ते पिढ्यान् पिढ्या टिकलं, कारण त्याचं वजन. एक मंगळुरी कौल दोन ते अडीच किलोचं आणि एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं बसतात. म्हणजे तीस-पस्तीस किलो नुसती कौलं, वर लाकूड वेगळं. निसर्ग वादळात हीच कौलं पत्त्यांसारखी उडाली, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की आता पत्रे. कौलं मिळतही नव्हती. पत्रेही वाटेल त्या भावाने विकले जात होते, पण निदान मिळत होते आणि एका दिवसात घर झाकलं जात होतं. त्या क्षणी तोच निर्णय बरोबर होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला पाच किलोसुद्धा भरत नाही. आता वाऱ्याचा हिशेब करा. ताशी 110 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेतीस मीटर. वाऱ्याच्या दाबाचं सूत्र तुम्हाला शिकवलेलं आहे, वेगाचा वर्ग गुणिले 0.6. उत्तर येतं चौरस मीटरला साडेपाचशे न्यूटनच्या वर, म्हणजे सत्तावन्न किलोच्या आसपास. वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो, आणि वळचणीला, कोपऱ्यात नि आढ्याशी ही ओढ याहूनही जास्त असते. पडवी उघडी असेल तर वारा आत घुसून खालूनही ढकलतो. कौलांचं छप्पर या ओढीपुढे कसंबसं तग धरत होतं. पत्र्याच्या छपराकडे वजन म्हणून काही नाहीच.

आम्ही काय केलं? पत्रा खालच्या लोखंडी पायपाला घट्ट बसवला. पायपाला अडकणारे वाकडे जे-हूक, खाली रबरी वॉशर, कडेला दाट, मधे विरळ, पन्हळीच्या उंचवट्यावर भोक, सगळं पुस्तकात असतं तसं. पायपांची कैचीही, म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडा, वेल्डिंग करून मजबूत केली. आणि ती कैची भिंतीवर ठेवली, पायाशी दोन घमेली सिमेंट मारलं. आमच्याबरोबरचे मेस्त्रीकाका शिडीवरून खाली बघत म्हणाले, "अरे, पण हिला खाली धरणार कोण?" आम्हाला वाटलं ते शिडीबद्दल बोलतायत. एक जण पळत जाऊन शिडी धरून उभा राहिला.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं. ते किनाऱ्याला समांतर समुद्रातूनच वर सरकलं आणि 17 मे 2021 ला गुजरातेत धडकलं, कोकणाला नुसती कड लागली. तेवढ्यात आमच्या हातची एक पडवी पायपांसकट उचलली जाऊन शेजारच्या पोफळीत उलटी पडली. कुणाला लागलं नाही. जाऊन बघितलं तर पत्र्याचा एकही हूक सुटलेला नव्हता. पायपाच्या टोकाला सिमेंटचा गोळा तसाच चिकटलेला, आणि त्याला खाली भिंतीतला जांभ्याचा एक अख्खा चिरा लटकत होता.

तो चिरा डोळ्यांसमोर ठेवून पुढचं वाचा. एक चिरा तीसेक किलोचा. दोन वाशांत एक मीटर अंतर आणि वाशामागे अडीच चौरस मीटर छप्पर धरलं, तर एका टोकाला एकशेचाळीस किलोची ओढ आली. वरच्या एकाच चिऱ्याला बांधलंत, तर तुम्ही छपराला तीस किलोचं लोढणं बांधलंत, बाकी काही नाही. म्हणून बांधणी खाली गेली पाहिजे. वाशावरून किंवा पायपावरून लोखंडी पट्टी घ्या, ती भिंतीच्या दोन्ही अंगांनी निदान चार-पाच थर खाली उतरवा आणि तिथे आरपार बोल्टने आवळा. मालकाची ऐपत असेल तर भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा ओता आणि सळ्या त्यातून वर काढून ठेवा. याहून चांगलं काही नाही. मातीत रचलेली जुनी भिंत असेल, तर आधी ती सांभाळा. तिथे आरपार भोक पाडायचं की नाही, हे मेस्त्री सांगेल, तुम्ही नाही.

पत्र्यावर दगड, टायर, वाळूच्या गोण्या ठेवायचा सोपा उपाय दर गावात कुणीतरी सांगतोच. सत्तावन्न किलोचा हिशेब आठवा आणि मग किती दगड लागतील ते तुम्हीच काढा. शिवाय तो दगड घसरला की खाली अंगणात पोर खेळत असतं.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. शहरातून एक दिवसासाठी येणारे, बॅनर धरून फोटो काढणारे आणि जाताना 'मटेरियल वाढवा' असं सांगणारे सर तुम्हालाही भेटतील. नमस्कार करा, चहा द्या. पण काम शिका ते गावच्या मेस्त्रीकडून आणि सुताराकडून. त्यांना सूत्र येत नसेल, पण कुठल्या घराचं छप्पर कुठल्या दिशेच्या वाऱ्याने गेलं हे त्यांना पाठ असतं. फक्त ते एकदाच बोलतात आणि तेही प्रश्न विचारल्यासारखं. कळलं नाही तर "काका, म्हणजे काय?" असं तिथल्या तिथे विचारा.

आणि घाबरू नका. तुम्हाला वेल्डिंग येत नाही, सुतारकाम येत नाही, याने काही अडत नाही. आम्हालाही येत नव्हतं. सामान वाहणं, भोकं पाडणं, मोजमाप लिहून ठेवणं, आजींच्या औषधांची चिठ्ठी तालुक्याला पोचवणं, हेच निम्मं काम असतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत आपण इथे अडगळ आहोत असं वाटतं, मग कुणीतरी नावाने हाक मारायला लागतं.

मात्र सिमेंटच्या पत्र्याशी मस्ती नको. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. फुटका पत्रा हातोडीने आणखी फोडू नका, आधी पाण्याने भिजवा, नाका-तोंडावर चांगला मास्क लावा, तुकडे गोणीत बांधून बाजूला ठेवा. त्यावर पाय तर अजिबात देऊ नका, तो सरळ फाटतो नि माणूस खाली. लोखंडी पत्र्यावरही हुकांच्या रांगेवरच चालायचं, कारण खाली पाइप तिथेच असतो. वारा सुटला की पत्रा हातात घेऊन छपरावर उभं राहायचं नाही. पडलेल्या तारेला, वीज गेलेली असली तरी, हात लावायचा नाही, कुणाच्या घरचा जनरेटर उलटा करंट सोडत असेल ते सांगता येत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घरून घेऊन या.

आणायचं म्हणाल तर जाड हातमोजे, जाड तळव्याचे बूट, बॅटरीवरची ड्रिल आणि तिच्या दोन जादा बॅटऱ्या, कारण चार्जिंग कुठे होईल याचा भरवसा नसतो. शिधा आपला आपण. गावकरी जेवायला बोलावतील, नाही म्हणवणार नाही, पण त्यांच्या डब्यातले तांदूळ भिजलेत हे लक्षात असू द्या.

मालक म्हणेल, "पट्टीबोल्टाचे पैसे नंतर बघू, आत्ता पत्रे तेवढे टाका." पैसे खरंच नसतात, त्यामुळे वाद घालून उपयोग नाही. वर्गणीतून आधी पट्ट्या घ्या आणि दोन पत्रे कमी घ्या. उरलेल्या जागेवर ताडपत्री चालते, ती आम्ही गणपतीपर्यंत चालवली आहे.