बर्फ विरुद्ध आग: फॅन थिअरी मांडताना या चुका टाळा

जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेचं पहिलं पुस्तक १९९६ साली आलं, पाचवं २०११ च्या जुलैत. सहाव्याची वाट बघता बघता वाचकांनी इतक्या थिअऱ्या रचल्या की विचारू नका. त्यातली सगळ्यात चलती असलेली म्हणजे 'बर्फ विरुद्ध आग'. उत्तरेला अदर्स, म्हणजे मुडदे उठवणारे बर्फाळ जीव, पूर्वेला ड्रॅगन, दोन जादूई शक्ती समोरासमोर आणि शेवटी एकच निर्णायक लढाई. पुस्तकमालेचं नावच तसं असल्यावर वाचकाला तरी काय दोष द्यायचा? पण यातल्या बऱ्याच थिअऱ्या पाडायला सहावं पुस्तक लागत नाही, छापून आलेल्या पाच पुस्तकांतलं एखादं प्रकरणच पुरतं.

पुढे पाचही पुस्तकांतलं आणि 'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही मालिकेतलं बरंच काही उघड केलं आहे. वाचन अर्धवट असेल तर इथेच थांबा.

मेलिसँड्रेचं म्हणणं लेखकाच्या नावावर खपवणं

निम्म्या थिअऱ्या इथेच गारद होतात. जगात दोनच देव आहेत, एक प्रकाशाचा र्‍हलोर आणि दुसरा ज्याचं नाव घ्यायचं नाही असा अंधाराचा, ही मांडणी लेखकाची नाही. ती मेलिसँड्रेची आहे. ती त्या धर्माची पुजारीण आहे आणि गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टॅनिसला राजा करायला निघाली आहे. तिच्या तोंडचं वाक्य उचलून 'पुस्तकात असं लिहिलंय' म्हणणं म्हणजे निवडणुकीच्या सभेतलं भाषण इतिहास म्हणून वाचणं.

दुसऱ्या पुस्तकातलं होडीवरचं संभाषण पुन्हा वाचा. डाव्होस म्हणतो, माझ्यात चांगलं-वाईट दोन्ही आहे. त्यावर ती म्हणते, अर्धा सडलेला कांदा हा सडकाच कांदा, माणूस एक तर चांगला नाही तर वाईट. हे वाक्य थिअऱ्यांत हमखास येतं. ते कुणाला ऐकवलंय, हे मात्र राहून जातं. डाव्होस हा तस्कर. स्टॉर्म्स एंडला वेढा पडला होता, आत माणसं उपाशी मरत होती, तेव्हा यानेच रात्रीच्या अंधारात कांदे आणि खारवलेले मासे आत पोचवले. स्टॅनिसने त्या उपकाराबद्दल त्याला सरदारकी दिली आणि आधीच्या तस्करीबद्दल डाव्या हाताच्या चार बोटांची टोकं छाटली. एकाच माणसाला बक्षीस आणि शिक्षा दोन्ही, आणि त्यालाही तो न्याय वाटतो. कांद्याचा तो सिद्धांत ज्याच्यासमोर मांडलाय, तो माणूसच त्याचं उत्तर आहे. मार्टिनने हे सहज घडवलंय असं मला तरी वाटत नाही.

पाचव्या पुस्तकात तर तिच्याच डोक्यातून लिहिलेलं एक प्रकरण आहे. त्यात ती काही चमत्कार भुकटी टाकून करते हे कळतं, आणि ज्वाळांत दिसलेल्याचा अर्थ लावताना ती कशी घसरते हेही. मरायला टेकलेल्या घोड्यावरची करड्या कपड्यांतली मुलगी तिला जॉन स्नोची बहीण वाटते (जॉन म्हणजे उत्तर सीमेवरच्या बर्फाच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या नाइट्स वॉच या दलाचा प्रमुख). पुढे निघते भलतीच, ॲलिस कारस्टार्क. त्याहून मोठी गोष्ट: तिला आगीत प्रेतासारखा पांढरा लाकडी चेहरा दिसतो, हजार लाल डोळे दिसतात, शेजारी लांडग्याचं तोंड असलेला मुलगा दिसतो. हेच शत्रूचे साथीदार असणार, असं ती धरून चालते. तो मुलगा म्हणजे जॉनचा धाकटा भाऊ ब्रॅन, हे आपल्याला वाचता वाचता कळतं. म्हणजे 'बर्फाची बाजू' म्हणून ती ज्याच्याकडे बोट दाखवते, ते आपल्याच माणसाकडे.

उपाय साधा आहे. थिअरीतल्या प्रत्येक पुराव्यापुढे लिहा: कोण बोललं, कुणाला बोललं, त्यात त्याचा फायदा काय. तीन-चार पुराव्यांपुढे 'मेलिसँड्रे' एवढंच नाव आलं, तर तुमच्याकडे पुरावा एकच आहे.

चमक बघून तलवार खरी मानणं

अझोर अहाई हा भविष्यवाणीतला तारणहार, त्याची जळती लाइटब्रिंगर तलवार, आणि स्टॅनिसच तो अवतार. ही थिअरी आता फारसं कुणी मांडत नाही, पण ती कशी मोडली ते बघण्यासारखं आहे, कारण पुस्तकातच एक म्हातारा आपल्याला पुरावा कसा तपासायचा ते शिकवून जातो.

तिसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस नाइट्स वॉचचा मेस्टर, म्हणजे विद्वान वैद्य, एमन स्टॅनिसला विनंती करतो, ती तलवार दाखवाल का? एमन आंधळा आहे, त्याचा मदतनीस सॅम त्याचे डोळे. राजा तलवार उपसतो, प्रकाश पडतो, सॅम भारावतो. नंतर दोघंच असताना एमन विचारत जातो. उष्णता जाणवली का? नाही. म्यान लाकूड-चामड्याचं होतं ना, उपसताना आवाज आला मला. चामडं करपलेलं होतं? लाकूड काळवंडलेलं? सॅम म्हणतो, नाही, मला तरी दिसलं नाही. बस, एवढंच. ना मोठं भाषण, ना भविष्यवाणी. तलवार जळत असेल तर म्यान जळायला हवं.

थिअरीला हाच प्रश्न विचारा: हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं होतं, आणि ते दिसलं का?

याच चालीवर ड्रॅगनग्लासचं, म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या काळ्या काचेचं, बघू. त्याने अदर मरतो, हे सॅमने करून दाखवलंय. पण 'ड्रॅगनग्लास वाइट्सवर, म्हणजे उठलेल्या मुडद्यांवर, चालत नाही' हे वाक्य लोक तितक्याच ठामपणे लिहितात. आधार एकच प्रसंग: सॅम मुडदा झालेल्या आपल्या सोबत्यावर, स्मॉल पॉलवर, खंजीर चालवतो आणि पातं फुटतं. मात्र ते फुटतं पॉलच्या अंगातल्या लोखंडी कडीचिलखतावर. तो प्रयोग पूर्ण झालाच नाही. त्यातून होकारही काढता येत नाही, नकारही नाही. सॅम शेवटी त्या मुडद्याच्या तोंडात जळता निखारा कोंबतो आणि ते मात्र लागू पडतं.

आग म्हणजे जीव, बर्फ म्हणजे मरण

असं सरळ समीकरण असतं तर लेडी स्टोनहार्टचं काय करायचं?

बेरिक डोंडॅरियन या मेलेल्या सरदाराला र्‍हलोरचा पुजारी थोरॉस पुन्हा पुन्हा उठवतो. पहिल्यांदा उठवतो तेव्हा त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नाही, तो फक्त धर्माचा अंत्यविधी करत असतो. दर वेळी बेरिकचं थोडं थोडं मागे राहतं. आपला एक किल्ला होता, एका बाईशी लग्न ठरलं होतं, एवढं त्याला आठवतं, पण किल्ला कुठे ते सापडणार नाही, तिच्या केसांचा रंगही सांगता येणार नाही. शेवटी तो आपला जीव ब्रॅनच्या आईच्या, कॅटलिनच्या, प्रेतात ओततो. नदीत तीन दिवस पडलेल्या त्या प्रेतातून जी लेडी स्टोनहार्ट उठते, तिच्यात लोकांना फाशी देण्यापलीकडे फारसं काही उरलेलं नाही. २०१७ मध्ये 'टाइम'ला दिलेल्या मुलाखतीत मार्टिनने बेरिकला स्पष्टपणे वाइट म्हटलं, फक्त बर्फाऐवजी आगीवर चालणारा. आगीचेही मुडदे चालतात, हे एकदा ध्यानात घेतलं की चांगल्या-वाईटाची वाटणी ढासळते.

रॉबर्ट फ्रॉस्टच्या १९२० सालच्या 'फायर अँड आइस' या कवितेचा प्रभाव मार्टिनने मान्य केलेला आहे. त्या छोट्याशा कवितेत आगीशी वासना जोडलेली आहे आणि बर्फाशी द्वेष, आणि जग संपवायला दोन्ही सारखेच समर्थ. तिथे कुणी नायक नाही.

आता उलट बाजूने. आगीची शक्ती बर्फाजवळ क्षीण होते, असं बरेच जण गृहीत धरतात. मेलिसँड्रेचा अनुभव बरोबर उलटा आहे: भिंतीपाशी तिची ताकद वाढते, अगदी दूर पूर्वेच्या अश्शाय शहरापेक्षाही जास्त. सातशे फूट उंच बर्फाच्या पायथ्याशी! ही नोंद तुमच्या थिअरीत बसत नसेल तर ती बाजूला सारू नका, तिथूनच सुरुवात करा. मला विचाराल तर संपूर्ण विषयातली ही सगळ्यात कमी चघळली गेलेली ओळ आहे.

आणि पहिल्याच पुस्तकाच्या प्रोलॉगमध्ये म्हातारा गॅरेड सांगतो की थंडीसारखं भाजणारं दुसरं काही नाही. तिसऱ्या पुस्तकात ब्रॅनचा सोबती जोजेन म्हणतो, बर्फ जळू शकत असेल तर प्रेम आणि द्वेषही एकत्र येऊ शकतात. ही माणसं दोन्ही टोकं जोडत असतात आणि आपण मध्ये रेघ मारत बसतो.

टीव्हीवरचं पुस्तकात घुसडणं

नाइट किंग हा टीव्ही मालिकेचा. पुस्तकात आहे तो नाइट्स किंग, नाइट्स वॉचचा तेरावा लॉर्ड कमांडर, दंतकथेतला. अदर्सना चिल्ड्रन ऑफ द फॉरेस्ट या जंगलातल्या प्राचीन जमातीने बनवलं, हे २०१६ च्या सहाव्या सीझनमध्ये दाखवलं, पुस्तकांत ते कुठेही नाही. एक मेला की त्याचे सगळे मुडदे कोसळतात, हाही पडद्यावरचा नियम. भिंतीपलीकडे राहणाऱ्या आणि आपली पोरं अदर्सना देणाऱ्या क्रॅस्टरच्या मुलांचे अदर्स होतात, हे पुस्तकात त्याच्या बायकांच्या बोलण्यातून सूचित होतं, पडद्यावर २०१४ मध्ये चक्क दाखवलं.

सगळ्यात मोठा गोंधळ ड्रॅगन आणि भिंतीचा. सातव्या सीझनमध्ये ड्रॅगनांची मालकीण डेनेरिस ड्रॅगनवर बसून बिनदिक्कत भिंतीपलीकडे उडते. २०१८ च्या 'फायर अँड ब्लड'मध्ये, म्हणजे डेनेरिसच्या पूर्वजांवरच्या मार्टिनच्याच पुस्तकात, राणी ॲलिसॅन आपल्या सिल्व्हरविंग या ड्रॅगनला तीनदा भिंतीपलीकडे उत्तरेला वळवते आणि तीनही वेळा ड्रॅगन माघारी फिरतो. दोन्ही गोष्टी एकाच थिअरीत वापराल तर ती आपोआप फाटेल. कुठलं विश्व धरताय ते पहिल्याच ओळीत सांगून टाका.

'फायर अँड ब्लड'बद्दल एक पुस्ती: ते आर्चमेस्टर गिल्डेनने लिहिलेला इतिहास म्हणून रचलंय. त्याच्यासमोर मशरूमसारखा चावट विदूषकही साक्षीदार आहे. तिथलं प्रत्येक वाक्य दगडावरची रेघ मानू नका.

क्रम न बघता कारण ठरवणं

'ड्रॅगन जन्मले म्हणून जादू जागी झाली.' याला आधार आहे. दुसऱ्या पुस्तकात हॅलाइन हा किमयागार राजधानी सांभाळणाऱ्या टिरियनला सांगतो की वाइल्डफायर या ज्वालाग्राही द्रवाचे मंत्र हल्ली जास्त चांगले लागू पडतायत, आणि मग दबकत विचारतो, कुठे ड्रॅगन वगैरे आहेत का हो? मस्त प्रसंग आहे. पण ड्रॅगन जन्मतात पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात, आणि अदर्स नाइट्स वॉचच्या वेमार रॉइसला मारतात त्याच पुस्तकाच्या प्रोलॉगमध्ये. क्रॅस्टर तर वर्षानुवर्षं पोरं सोडत आलाय. तेव्हा आगीची जादू ड्रॅगननी वाढवली एवढं म्हणता येईल, बर्फाची त्यांनी जागवली असं नाही. उलटं असेल का, म्हणजे थंडी आधी आणि तिच्या उत्तरादाखल आग? कालक्रमात बसतं. सिद्ध होत नाही.

अर्धं वाक्य कापून घेणं

कार्थ शहरात डेनेरिसला दिसलेल्या दृश्यातलं 'त्याचंच गाणं बर्फाचं आणि आगीचं' हे वाक्य जॉनच्या खात्यात टाकायची रीत पडली आहे. दृश्यात डेनेरिसचा मेलेला थोरला भाऊ ऱ्हेगार याच्याजवळ पलंगावर बाळाला पाजणारी बाई आहे आणि बोलणं त्या बाळाबद्दल चाललंय, त्याचं नाव एगॉन. जॉन ऱ्हेगार आणि लियाना स्टार्कचा मुलगा असेलही, पण या वाक्याने ते ठरत नाही.

दोनच शक्ती धरणं

जोजेन आणि मीरा ही रीड भावंडं ब्रॅनपुढे शपथ घेतात ती माती आणि पाण्याची, कांसं आणि लोखंडाची, आणि मग बर्फ आणि आगीची. जोड्या तीन आहेत. व्हिक्टेरियन हा दर्यावर्दी सरदार समुद्राच्या देवालाही बळी देतो आणि र्‍हलोरलाही, आणि त्याचा सडलेला हात बरा होतो तो काळा पडून, धुमसत. तो हात कुठल्या बाजूचा?

तरीही थिअरी अडली तर

'समतोल' हा शब्द काढून ती पुन्हा वाचा. बर्फ आणि आग समान, म्हणून दोन्ही नष्ट व्हायला हवेत, हा निष्कर्ष बहुतेकदा दुसऱ्या कुठल्या तरी कथेतून आलेला असतो. इथे एका बाजूची साक्षच आपल्याकडे नाही. ड्रॅगनवाल्यांच्या डोक्यात आपण प्रकरणंच्या प्रकरणं बसलोय. अदर्सचा आवाज प्रोलॉगमध्ये येतो, तळ्यावरचा बर्फ तडकल्यासारखा, आणि त्यांचं हसणं. काय बोलले ते तिथे लपून बघणाऱ्या विलला कळलं नाही, म्हणून आपल्यालाही नाही. त्यांचा हेतू सांगणारी थिअरी लिहिणार असाल, तर तो हेतू पाच पुस्तकांतल्या कुठल्या पानावरून काढला, ते आधी लिहा.