बंड्याची कॅम्पिंगची पिशवी

कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांमधल्या तंबूच्या जागा सहा महिने आधी खुल्या होतात आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार हां हां म्हणता संपतात. तरी घाईत बुक करू नका, आधी त्या पार्कचे कुत्र्यांविषयीचे नियम वाचा. कॅम्पग्राउंडमध्ये कुत्रा चालतो म्हणजे पायवाटेवरही चालतो असं नाही. फेल्टनजवळच्या हेन्री काउएल स्टेट पार्कला आम्ही आमच्या कुत्र्याला, बंड्याला घेऊन तेच गृहीत धरून गेलो आणि जुन्या रेडवुडच्या वाटेच्या तोंडाशी पाटी दिसली. मग एकाने आत जाऊन झाडं बघायची, दुसऱ्याने बंड्याला धरून बाहेर थांबायचं. तिथे कुत्र्यांना पाइपलाइन रोड, मेडो ट्रेल आणि ग्रॅहम हिल ट्रेल मोकळे आहेत, तेवढ्यावर भागवा.

लीश, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी, सहा फुटांपर्यंतचीच हवी. ओढली की लांबत जाणारी घरीच राहू द्या. रेबीजच्या लशीचा कागद गाडीत ठेवा. जवळच्या इमर्जन्सी व्हेटचा पत्ता चक्क कागदावर लिहून घ्या, कारण झाडीत फोनला रेंज मिळेलच असं नाही. शी उचलायच्या पिशव्या वाटतात त्याच्या दुप्पट लागतात.

आता खाऊचा डबा. आपल्या लोकांची खरी गोची इथे होते. चिवड्यात बेदाणे असतात आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कांदेपोहेही नकोत, कांदा त्यांच्या रक्ताला बाधतो. आमचा चिवड्याचा डबा आता कडीचा आहे आणि तो गाडीतच राहतो. बंड्याला त्याचं रोजचंच खाणं, एका जेवणाचं जास्तीचं बांधून.

उन्हाळ्यात गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. ती एकदा रुतली की पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. एकदा बंड्या सारखा पंजा चाटत होता. टॉर्च धरून बोटं फाकवली तर आत फक्त एक पिवळी काडी दिसत होती, बाकीची कातडीत. तेव्हापासून बारीक टोकाचा चिमटा पिशवीत सगळ्यात वर असतो. गोचिडीलाही तोच. दर फेरीनंतर कान, काखा, बोटांच्या बेचक्या तपासायच्या.

पॉयझन ओक हे खाज आणणारं झुडूप ओळखून ठेवा. पळसाला पाने तीन, तशी यालाही तीनच. कुत्र्याला सहसा काही होत नाही, पण त्याच्या केसांना लागलेलं तेल आपल्या हातांना लागतं आणि मग आठवडाभर खाजवत बसा. एक जुना टॉवेल आणि हातमोजे त्यासाठी.

रात्री कुत्रा तंबूत किंवा गाडीत, बाहेर बांधून ठेवायचा नाही. रेडवुडखाली जुलैतही पहाटे गारठा असतो, म्हणून त्याच्याखाली फोमची चटई आणि वर आईने सोलापूरहून आणलेली वाकळ. दहानंतर कॅम्पग्राउंडमध्ये शांतता पाळायची असते आणि रॅकून नावाचे प्राणी नेमके तेव्हाच फिरायला निघतात. त्यामुळे बंड्याला मी तंबूच्या दाराशी नाही, आतल्या कोपऱ्यात झोपवते.