इंग्रजीतील अवयववाचक शब्द आणि वाक्प्रचार जर्मनमध्ये कसे न्यावेत

महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी २०२४ मध्ये करार झाला. सोलापुरातून रुग्णसेवेसाठी तिकडे जाऊ इच्छिणाऱ्याने इंग्रजीच्या आधारे जर्मन शिकताना अवयवांचे शब्द सर्वप्रथम पक्के करावेत, कारण रुग्णाचे दुखणे नेमके कुठे आहे हे कळणे त्यांवरच अवलंबून असते.

सुरुवात सीमारेषांपासून करावी. मराठीतला हात खांद्यापासून बोटांपर्यंत पोहोचतो. सोलापुरात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या कन्नड आणि तेलुगूतही तसेच आहे. जर्मनमध्ये मात्र इंग्रजीप्रमाणे दोन शब्द आहेत, 'आर्म' आणि मनगटापुढचा 'हांट'. पायाचेही 'बाइन' आणि घोट्याखालचा 'फुस' असे दोन भाग पडतात. परंतु बाडेन-वुर्टेम्बर्गमधील श्वाबियन बोलीत 'फुस' हा शब्द आपल्या 'पाय'सारखा संपूर्ण पायासाठी वापरतात, त्यामुळे तेथील वृद्ध रुग्णाने 'फुस' दुखतो म्हटले, तर बोट ठेवून जागा दाखवायला सांगणे उत्तम. याहून जास्त गोंधळ मानेपाशी होतो. इंग्रजीतील 'नेक'साठी शब्दकोश 'हाल्स' देतो, पण 'हाल्स'मध्ये मान, गळा आणि घसा हे तिन्ही येतात. 'हाल्सश्मेर्त्सेन' म्हणजे घसादुखी, तर मानेच्या मागच्या बाजूच्या दुखण्याला 'नाकेनश्मेर्त्सेन' म्हणतात. इंग्रजीतले 'स्टमक' दुखणे बहुतेक वेळा 'बाउख', म्हणजे आपले पोट, या शब्दाने सांगावे. 'मागेन' म्हणजे जठर.

प्रत्येक नाम लिंगासह आणि अनेकवचनासह वहीत उतरवावे: 'देअर फुस, फ्युसे', 'दी हांट, हेंडे', 'दास आउगे, आउगेन'. तीन लिंगांची सवय आपल्याला आहेच, मात्र मराठीचे लिंग जर्मन शब्दाला लावू नये. वाक्यरचनेत मराठीचा फायदा आणखी मोठा आहे. इंग्रजी माणूस 'माझे हात धुतो', आपण नुसते हात धुतो, आणि जर्मनही 'इख वाशे मिअर दी हेंडे' म्हणताना 'माझे' हा शब्द टाळून 'मला' या अर्थाचे 'मिअर' वापरतो.

मग वाक्प्रचारांकडे वळावे. इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ आधी साध्या मराठीत लिहावा आणि त्या अर्थासाठी जर्मन माणूस काय म्हणतो ते शोधावे. काही ठिकाणी अवयव तोच राहतो: ऐन वेळी कच खाणाऱ्याचे पाय दोन्ही भाषांत थंड पडतात. पुष्कळदा अवयव बदलतो. इंग्रजीत थट्टा करताना पाय ओढतात, जर्मनमध्ये माणसाला हातावर घेतात, 'आउफ डेन आर्म नेमेन'. यश चिंतताना इंग्रज बोटे एकमेकांवर चढवतो, जर्मन अंगठे दाबतो; 'इख द्र्युके डिअर दी डाउमेन' हे वाक्य परीक्षेला निघालेल्या मैत्रिणीला निःशंक म्हणावे. हस्तकामात अनाडी असलेल्याला इंग्रजीत सगळे अंगठेच असतात, जर्मनमध्ये दोन डावे हात. कधी अवयव नाहीसाच होतो: इंग्रजीत हात आणि पाय मोजावा लागण्याइतकी महाग वस्तू जर्मनमध्ये फक्त 'आइन फेरम्योगेन', म्हणजे मोठी संपत्ती, एवढी किंमत घेते.

सर्वाधिक काळजी जवळपास जुळणाऱ्या वाक्प्रचारांत घ्यावी. 'आइन आउगे त्सुद्र्युकेन', म्हणजे एक डोळा मिटणे, हे आपल्या डोळेझाकीसारखे दिसते, पण त्यात किरकोळ चूक समजून घेऊन सोडून देण्याचा उदारपणा आहे. गंभीर गैरप्रकाराकडे केलेल्या दुर्लक्षासाठी दोन्ही डोळे बंद करण्याचा, 'दी आउगेन फेरश्लीसेन' हा वाक्प्रचार घ्यावा.

शेवटी निवडलेला वाक्प्रचार डुडेनसारख्या जर्मन-जर्मन कोशात उलट तपासावा आणि त्यापुढे बोलीभाषेचा किंवा असभ्यतेचा शेरा आहे का ते पाहावे. वैतागलेल्या माणसाचे 'नाक भरते' हे बोलण्यात चालते. त्याच अर्थी नाकाऐवजी प्राण्याच्या तोंडाचा 'श्नाउत्से' हा शब्द घालणारा प्रयोग मात्र उग्र आहे, तो ऐकून ओळखावा, पण रुग्णासमोर किंवा वरिष्ठांसमोर वापरू नये.