डाळिंब तडकायचं थांबलं ते असं

आटपाडीकडं आमची दोन एकर डाळिंबाची बाग, जमीन मुरमाड. मागच्या उन्हाळ्यात दुपारी पानं मलूल दिसली की मी लगेच मोटर चालू करायचो. मग लाईट गेली की चार दिवस बाग कोरडी. पाण्याच्या या ओढाताणीनं फळं तडकली, आणि मी दोष देत बसलो वाणाला.

एके दिवशी खोऱ्यानं उकरून बघितलं. खोडापाशी चिखल, अन् दोन फुटांवर, जिथं पांढरी मुळी असते, तिथं माती कोरडी ठाक! पाणी पिते ती ही बारीक मुळी. खोडाजवळची जाड मुळं झाड धरून ठेवतात. दुपारची मरगळ म्हणजे दर वेळी तहान नव्हे, हेही तेव्हा उमगलं. कडक उन्हात पानं आपली बारीक छिद्रं, म्हणजे रंध्रं, मिटून पाणी राखतात. सकाळी पान ताठ असेल तर झाडाचं बरं चाललंय.

मग ठिबकच्या नळ्या खोडापासून सरकवून, भर दुपारी सावली पडते तिच्या कडेला दोन्ही अंगांनी टाकल्या. पाणी पहाटे, थोडं थोडं, मापात. वर उसाचं पाचट अंथरलं (पाचटापेक्षा ट्रॉलीचं भाडंच जास्त झालं). यंदा तडकलेली फळं बोटांवर मोजण्याइतकी. आमचे आण्णा मात्र अजून खोडाला बादलीभर ओततातच.