धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला देणगी द्यायचीय? मग आधी ही तयारी करा

या वर्षी एखाद्या धोरण-संशोधन करणाऱ्या संस्थेला पैसे द्यायचे असं मनात असेल तर पहिली तयारी वाचनाची आहे, पैशाची नंतर. अन्नदान केलं की जेवणारी माणसं दिसतात, शाळेला खोली बांधून दिली की खोली दिसते, इथे तसं काही दिसत नाही, इथे दिसतात फक्त रिपोर्ट, टेबलं, आयोगापुढे केलेली निवेदनं, त्यामुळे तीच वाचून ठरवायला लागतं. संस्थेचे निदान दोन-तीन रिपोर्ट उघडा आणि त्यातला एक तरी तुमच्या कामाशी संबंधित घ्या, म्हणजे शिक्षक असाल तर शिक्षणावरचा, शेती असेल तर पाण्यावरचा किंवा पीकविम्यावरचा, कारण तिथे गडबड असेल तर ती तुम्हाला लगेच कळते. आकडे कुठून घेतले ते लिहिलंय का, हिशोब कसा केला ते सांगितलंय का, आणि रिपोर्ट कुणालाही फुकट वाचता येतो का, हे तीन प्रश्न पुरतात.

असं काम कशासाठी लागतं ते महाराष्ट्राने बघितलेलं आहे. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळच्या वीजप्रकल्पाचा राज्य वीज मंडळाशी वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला, नंतर मोर्चे, सभा, निवडणुकीतली भाषणं सगळं झालं, आणि त्याच काळात पुण्यातल्या ‘प्रयास’ या संस्थेच्या गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे यांनी बसून करारातलं गणित लोकांसमोर मांडलं, की ही वीज केवढ्याला पडणार आणि बोजा कुणावर येणार. २००१ मध्ये वीज मंडळाने ती वीज घेणं थांबवलं. आजसुद्धा वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी असते तेव्हा कंपनीकडे वकील, सल्लागार, फायलींचे ढीग असतात आणि ग्राहकाच्या बाजूने तेवढ्याच तयारीचं माणूस लागतं, ते माणूस बारा महिने पगारावर असावं लागतं, सुनावणीच्या आदल्या दिवशी कुठून आणणार? किंवा उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, शिक्षण मतदारांना कळलं पाहिजे हा २००२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल घ्या, ती याचिका असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सची, आणि तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत हजारो शपथपत्रं वाचून त्याचे तक्ते करायचं काम तीच संस्था करतेय. मला हे काम फार मोलाचं वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

वाचून झालं की कागद बघायचे. महाराष्ट्रातली ट्रस्ट किंवा सोसायटी असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, नंबर मागा, आणि सेक्शन ८ कंपनी (नफा न वाटणारी, सामाजिक कामासाठीची कंपनी) असेल तर तिचे कागद कंपनी मंत्रालयाच्या साइटवर मिळतात. मग आयकराच्या १२ए कलमाची नोंदणी, जिच्यामुळे संस्थेला करसूट मिळते, आणि ८०जी चं प्रमाणपत्र, ज्यामुळे देणगीदाराला वजावट मिळते. इथे एक गोष्ट नक्की तपासा, २०२१ पासून सगळ्यांना नव्याने नोंदणी करायला लागली आणि आता ८०जी कायमचं नसतं, पाच वर्षांचं असतं, नवीन संस्थेला तात्पुरतं तीन वर्षांचं, त्यामुळे भिंतीवर फ्रेम करून लावलेलं जुनं सर्टिफिकेट चालत नाही, फॉर्म १०एसी मधला आदेश मागा आणि तो कुठल्या वर्षापर्यंत आहे ते वाचा. चांगली संस्था हे मागितल्यावर त्याच दिवशी पाठवते. जिथे टाळाटाळ होते तिथे थोडं थांबा.

हिशोबाची पत्रकं मागाल तेव्हा एक विनंती आहे, पगाराचा आकडा बघून दचकू नका. ‘किती टक्के पैसा थेट लाभार्थींपर्यंत पोचतो’ हा प्रश्न आपल्याला सवयीने पडतो, पण संशोधन संस्थेत काम करणारं माणूस हाच खर्च असतो, बाकी लायब्ररी, डेटा विकत घेणं, प्रवास, छपाई, ऑडिट. पगार कमी दाखवणारी संस्था म्हणजे बहुतेक वेळा तरुण पोरांना दोन वर्षं राबवून सोडून देणारी संस्था, आणि धोरणाचा विषय दोन वर्षांत कुणाच्या हाताला लागत नाही. त्यापेक्षा बघायचं ते हे की पैसा कुठून येतो. एकाच देणगीदारावर, एकाच कंपनीवर किंवा एकाच सरकारी खात्यावर सगळं उभं आहे का? ज्या उद्योगावर संस्था रिपोर्ट लिहिते त्याच उद्योगाचे पैसे आहेत का, आणि असतील तर रिपोर्टमध्ये तसं छापलंय का? विश्वस्त मंडळात कोण आहे, कुणी पक्षाचा पदाधिकारी आहे का? राजकीय पक्षाला देणगी द्यायचीच असेल तर तो वेगळा विषय, त्याचं कलमही वेगळं, दोन्हीची गल्लत नको.

आता टॅक्स. नव्या करप्रणालीत असाल, आणि आता तीच आपोआप लागू असते, तर ८०जी ची वजावट मिळत नाही, विषय संपला, द्यायचं तर मनापासून द्या. जुन्या प्रणालीत असाल तर अशा संस्थांना दिलेल्या रकमेच्या साधारण निम्म्याची वजावट मिळते आणि तीही एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच्या देणगीवरच. म्हणजे २०% च्या स्लॅबमधल्या माणसाने वर्षाला ₹२४,००० दिले तर ₹१२,००० ची वजावट, आणि सेस धरून ₹२,४९६ वाचतात, एवढंच, त्यामुळे ‘टॅक्स वाचवायला देणगी’ हे गणित मुळातच बसत नाही. सामाजिक शास्त्रातल्या संशोधनासाठी आयकराच्या ३५(१)(iii) कलमाखाली मान्यता असलेल्या काही संस्था आहेत, तिथे नोकरदार माणसाला ८०जीजीए खाली पूर्ण रकमेची वजावट मिळू शकते, तर तशी मान्यता आहे का ते विचारून घ्या. रोख मात्र देऊ नका, ₹२,००० च्या वर रोख दिलं तर वजावट शून्य. पुस्तकं, कॉम्प्युटर दिलात तरी वजावट नाही, लायब्ररीला उपयोग होईल तो वेगळा. आणि १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत, मी सगळ्यांच्या तोंडी असलेले जुनेच लिहितेय, पावतीवर वेगळा नंबर दिसला तर सीएला एकदा दाखवा.

पॅन, पूर्ण नाव, पत्ता तयार ठेवा आणि संस्थेला स्वतःहून द्या. ‘माझं नाव नको, गुप्तदान समजा’ ही भावना सुंदर आहे पण नोंदीत नाव-पत्ता नसलेल्या देणग्या एका मर्यादेपुढे गेल्या की संस्थेला त्यावर ३० टक्के कर भरावा लागतो, तर नाव छापू नका असं सांगा, पण नोंदीत असू द्या. ग्रुपमध्ये मिळून देताय? मग एकाने सगळ्यांचे जीपे घेऊन एकरकमी पाठवायचं नाही, कारण पावती ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्या नावाने होते आणि बाकीच्यांकडे काहीच उरत नाही. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून पाठवा, रिमार्कमध्ये हवं तर बॅचचं नाव टाका.

परदेशात असलेल्या नातेवाइकांना सामील करून घेणार असाल तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्टवाला एनआरआय आपल्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ते परदेशी योगदान धरत नाहीत, पासपोर्टची कॉपी जोडली की झालं. पण ज्याने अमेरिकन किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, त्याचे पैसे एफसीआरए मध्ये, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्यात येतात, आणि संस्थेची ती नोंदणी असेल तरच, तेही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जायला हवेत. न्यू जर्सीच्या काकांनी प्रेमाने पुण्याच्या साध्या खात्यात पैसे टाकले तर त्रास संस्थेला होतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवा.

आणि एफसीआरए वरून आठवलं म्हणून, तुमची-माझी छोटी रक्कम का महत्त्वाची ते इथे नीट कळतं. दिल्लीचं सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च, १९७३ ची संस्था, त्यांची एफसीआरए नोंदणी २०२३ मध्ये स्थगित झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये रद्द, पैसा बंद झाल्यावर पगार अडले आणि बरेच संशोधक बाहेर पडले. कोण बरोबर, कोण चूक याची चर्चा ज्याला करायची त्याने करावी, मला त्यात दिसतं ते एवढंच की संस्थेच्या खाली देशातल्या शेकडो लोकांच्या नियमित देणग्यांचा आधार असेल तर एक दार बंद झाल्यावर सगळं घर रिकामं होत नाही.

म्हणून रक्कम ठरवताना मी तरी एकदम ₹२५,००० देण्यापेक्षा महिन्याला ₹२,००० चं ऑटो-डेबिट लावा असं सांगेन, ई-मँडेट, म्हणजे दरमहा पैसे कापायची बँकेला दिलेली ऑनलाइन परवानगी, पाच मिनिटांत होतं, आणि संस्थेला पुढच्या वर्षी एक माणूस ठेवता येईल की नाही हे त्यावर ठरवता येतं. प्रोजेक्टच्या ग्रँटमधून प्रोजेक्टचा माणूस निघतो, अकाउंटंट निघत नाही, लायब्ररीयन निघत नाही, ग्रँट संपल्यावर तोच विषय पुढे धरून ठेवणारं कुणी निघत नाही, ते निघतं आपल्यासारख्यांच्या बिनअटीच्या पैशातून. त्यामुळे सोबतच्या पत्रात ‘संस्थेच्या सर्वसाधारण कामासाठी’ असं लिहा. मोठी रक्कम असेल, आई-वडिलांच्या नावाने कायम निधीत ठेवायची असेल, तर मात्र ‘कॉर्पससाठी’ असं पत्रात स्पष्ट लिहायलाच लागतं, नाहीतर ती चालू खर्चाची देणगी धरली जाते.

पत्रात निष्कर्षाबद्दल काहीही लिहायचं नाही. विषय सुचवायला हरकत नाही, ‘आमच्या भागातल्या पाण्याच्या टँकरवर कुणी काम करेल का’ असं विचारा, पण उत्तर काय यावं ते सांगू नका, आणि आपल्या मताविरुद्ध रिपोर्ट आला म्हणून मँडेट बंद करू नका. पुण्याची गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये उभी राहिली ती साताऱ्याच्या रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. त्याच काळेंच्या नावाच्या व्याख्यानमालेत २९ जानेवारी १९३९ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोखले हॉलमध्ये बोलले आणि ब्रिटिशांच्या संघराज्याच्या योजनेची त्यांनी अगदी मुळापासून चिरफाड केली. देणगीदाराचं नाव व्याख्यानाला होतं, पण वक्त्याने काय बोलायचं ते वक्त्याने ठरवलं. देणगी देताना मला हे उदाहरण नेहमी आठवतं.

शेवटी तारखा फोनमध्ये टाकून ठेवा. ३१ मार्चला रात्री अकराला पैसे पाठवायची धावपळ नको, बँकेचं सर्व्हर अडकलं तर ते पुढच्या वर्षात जातात. संस्था आपल्या देणगीदारांची यादी आयकर खात्याला देते आणि मग तुम्हाला फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, पाठवते, दोन्हीची मुदत ३१ मे, वजावट त्या फॉर्मवरून मिळते, नुसत्या पावतीवरून नाही, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात आला नसेल तर शांतपणे एक ईमेल करा. छोट्या संस्थेत हे सगळं एकच माणूस बघत असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला ऑडिट झालेला वार्षिक अहवाल मागा, वाचा, काही कळलं नाही तर विचारा, आणि संस्थेचं जाहीर व्याख्यान किंवा रिपोर्टचं प्रकाशन असेल तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या मुला-मुलीला बरोबर घेऊन जा.