भोपळ्याच्या बिया: मीठ आतपर्यंत, आच मंद

घारग्यांसाठी लाल भोपळा चिरला की बिया थेट केराच्या डब्यात जातात. तसं करू नका. भोपळा मात्र चांगला पिकलेला हवा. कोवळ्याच्या बिया चपट्या असतात, आत दाणाच भरलेला नसतो. चिरल्याबरोबर एक कच्ची फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर सगळा भोपळा बियांसकट टाकून द्या. ते कडूपण शिजवून जात नाही आणि पोटाला बाधतं.

बिया पाण्यात चोळून धुवा. गर सुटतो, बिया वर तरंगतात.

आता मीठ. कोरड्या बियांवर वरून मीठ भुरभुरवा, असं जिकडेतिकडे सांगितलं जातं. त्यानं फक्त ओठ खारट होतात, टरफल सोललं की दाणा अळणीच. अर्धी वाटी बियांना दोन वाट्या पाणी आणि एक मोठा चमचा मीठ घेऊन दहा मिनिटं उकळा. उपासाला हव्या असतील तर सैंधव घाला. मग चाळणीत निथळून सुती कापडावर एकेरी थरात पसरा आणि दिवसभर कडक उन्हात ठेवा. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली. बी दोन बोटांत घासली की वरचा पातळ पापुद्रा कागदासारखा सुटला पाहिजे. बोटाला चिकटत असेल तर अजून वाळवा. ओलसर बिया कढईत घातल्या तर त्या आधी वाफाळतात आणि मग चिवट होतात. अशा चिवट झालेल्या बिया मग कुरकुरीत करणं अवघड जातं.

खरी परीक्षा भाजण्यात आहे. मला सगळ्यात जास्त याच टप्प्यानं छळलं, कारण दाणा दिसत नाही. पांढरं टरफल शांत दिसतं आणि आतला हिरवट दाणा करपलेला असतो. ‘रंग बदलेपर्यंत भाजा’ हा सल्ला म्हणूनच कुचकामी आहे. टरफल तांबूस होईपर्यंत थांबलात तर आतलं तेल जळून दाणा कडू होतो. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत उरकायला सांगतात, तेही ऐकू नका. जाड बुडाची कढई, मंद आच, पंधरा ते वीस मिनिटं, आणि हात थांबवायचा नाही. तेल आत्ता घालू नका. तेलानं टरफल लवकर डागतं आणि आतला अंदाज आणखीच चुकतो.

थोड्या वेळानं बिया तडतडू लागतील, एखादी उडेलही. तडतड म्हणजे झालं, असं मुळीच नाही. ती फक्त आतली वाफ बाहेर पडल्याची खूण. तिथून पुढे दर दोन मिनिटांनी एक बी काढा, गार होऊ द्या आणि फोडून दाणा चावा. गरम दाणा नेहमीच मऊ लागतो, म्हणून गार करणं टाळू नका. दाणा कडेनं जेमतेम सोनेरी, मध्ये अजून हिरवट आणि चावताना कुडकुडीत असला की गॅस बंद. त्याच क्षणी बिया ताटात ओता. तापलेल्या कढईत ठेवल्या तर त्या भाजतच राहतात आणि हातची भाजणी वाया जाते. ओव्हन असेल तर १५० अंशांवर वीस ते तीस मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. पण दाणा फोडून बघण्याला तिथेही पर्याय नाही.

मसाला नेहमी गॅस बंद केल्यावर. बिया गरम असतानाच पाव चमचा तेल चोळा, मग लाल तिखट, आमचूर, चिमूटभर हिंग. तिखट कढईत घातलं तर करपून ठसका लागतो.

टरफलासकटही खाता येतात, मात्र नीट चावून. लहान मुलांना अख्ख्या बिया देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी सोललेल्या दाण्यांची लसूण घालून कोरडी चटणी वाटा. दाण्यात मीठ आधीच मुरलेलं असतं, तेव्हा चटणीत चव बघूनच मीठ घाला.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि दोनेक आठवड्यांत संपवा. आत तेल असल्यानं जुन्या बिया खवट होतात. नुसत्या सादळल्या असतील तर मंद आचेवर दोन मिनिटं परतल्या की पुन्हा कुरकुरीत होतात.