शुगरवाल्या पायाची जखम हाडापर्यंत गेलीय का? एक्सरे, एमआरआय नि बाकीचे स्कॅन

घरात कुणाला शुगर आहे, पायाची जखम कितीतरी दिवस झाले भरत नाहीये, बोट लाल नि चांगलंच सुजलंय, तर इन्फेक्शन हाडात उतरलंय का हे बघावंच लागतं. स्कॅनच्या आधी डॉक्टर जखमेत बोथट सळई घालून बघतात, टोकाला कडक हाड लागलं की शंका वाढते, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) 70 च्या वर असेल तर अजूनच.

पहिला एक्सरेच काढा, एमआरआयला पळू नका. फक्त तो नॉर्मल आला म्हणून निवांत व्हायचं नाही, कारण हाडातला 30 ते 50 टक्के भाग झिजल्याशिवाय एक्सरेत काही दिसतच नाही आणि त्याला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून शंका असेल तर तेवढ्या दिवसांनी त्याच अँगलने परत काढायचा नि दोन्ही फिल्म शेजारी लावून बघायच्या (जुनी टाकून देऊ नका प्लीज!). अर्थात ताप आलाय, पाय काळा पडतोय, लाली वर चढतेय तर कसली वाट बघताय, सरळ ॲडमिट व्हा.

तरी कळत नसेल तर मग एमआरआय. मॅरो (हाडातला मगज) सुजलाय का, पू कुठे साठलाय, कुठवर पसरलंय हे सगळं त्यात दिसतं, ऑपरेशन करायचं झालं तर सर्जनलाही उपयोगी. जखम नेमकी कुठे आहे ते फॉर्मवर लिहून घ्या, काही ठिकाणी खूण म्हणून तिथे व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवतात. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. किडनी कमजोर असेल तर क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट दाखवा, फोटो ठळक यायला देतात ते कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देताही एमआरआयमध्ये बरंच कळतं.

खरा घोळ शार्को फूटचा, म्हणजे शुगरने नसा बधिर होऊन पायाची हाडं-सांधे खिळखिळे होतात तो आजार. त्यातही हाडं तशीच सुजलेली दिसतात. ढोबळ खूण अशी की पायाचा मधला भाग, बरेच सांधे आणि वरची कातडी शाबूत असेल तर शार्कोकडे झुकतं, जखमेच्या बरोब्बर खालचं हाड, त्यातही बोटं किंवा टाच असेल तर इन्फेक्शनकडे. दोन्ही एकत्रही असू शकतं बरं का.

एमआरआय जमत नसेल तर पांढऱ्या पेशींचा स्कॅन (रक्तातल्या या पेशींना किरणोत्सारी खूण लावून त्या कुठे जमतात ते बघतात) किंवा पेट सीटी (किरणोत्सारी साखर कुठे जास्त ओढली जाते ते दाखवणारा स्कॅन). नुसता बोन स्कॅन मला फारसा पटत नाही, फ्रॅक्चर असो की शार्को, तो सगळ्यालाच उजळतो. आणि जंतू कुठला हे यातला एकही स्कॅन सांगत नाही, त्यासाठी हाडाचा तुकडा काढून कल्चरलाच (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवावा लागतो.